भिंगरीच्या वहीतले आकडे

२ फेब्रुवारी

ताई,

नमस्कार वगैरे तू मनातल्या मनात उरकून घे, मला आज धीर नाही. फोनवर तुझ्याशी मोकळं बोलता येत नाही. फोन वाजला की भिंगरी असेल तिथून धावत येते आणि माझ्या कोपराला चिकटून उभी राहते. "मावशी का? पुन्हा बोलावलंय का?" एवढंच विचारते. नऊ वर्षांची पोर, पण कान असे की भिंतीपलीकडचं ऐकेल. म्हणून पत्र लिहितेय. तसंही तुमच्या मोठ्या डॉक्टरांना फाइलला लावायला कागदच लागतो, तेव्हा वहीचं पान पोस्टाने पाठवायचंच होतं.

पहिलं पान सोबत आहे. चौदा दिवस, सकाळ-संध्याकाळ. तू दिलेली चेहऱ्यांची पट्टी मी भिंतीवर डकवली आहे, शून्याला हसणारा आणि दहाला रडणारा. किती दुखतंय ते बघते आणि आकडा ती स्वतःच्या हाताने लिहिते. रेघा मात्र मी आखल्या, तिच्या रेघा म्हणजे गल्लीतली वळणं. सगळे दोन आहेत बघ. एका जागी चुकून तीन लिहिला होता, तो तिनेच खोडून दोन केला.

हे गाडी घेऊन गेलेत, शनिवारी येतील. मी दिवसभर दुकानात शाळेचे गणवेश शिवते आणि माझं लक्ष घड्याळाकडे. मधल्या सुट्टीत उगाच शाळेच्या फाटकाशी जाऊन येते. काल दोन सुया मोडल्या. शेजारीण विचारते तेव्हा मी मोठ्या तोऱ्यात सांगते की पोटावर एक टाका नाही, तोंडातून दुर्बीण घातली, स्वादुपिंडाच्या नळीतला खडा काढला आणि आत प्लॅस्टिकची बारीक नळी ठेवली, तीन महिन्यांनी तशीच काढतील. पण एकटी मशीनवर बसले की मलाच पटत नाही. मी अस्तर उलटून बघणारी बाई. आत काहीतरी ठेवलंय आणि मला ते बघता येत नाही, याने जीव थाऱ्यावर राहत नाही.

ती नळी आत आपल्या जागी आहे ना? ती चुरगळत नाही ना? लगेच लिही. "बरं असेल" असं लिहू नकोस, खरं लिही.

तुझी
धाकटी

१३ फेब्रुवारी

धाकटे,

अनेक आशीर्वाद आणि एक टपली. टपली मधल्या सुट्टीतल्या पहाऱ्याबद्दल. पोरीला मैत्रिणींसमोर लाज आणू नकोस.

खरं लिहायला सांगितलंस, तर ऐक. नळी चुरगळत नाही, पण तुंबू शकते. म्हणून तर ती वेळेवर काढायची किंवा बदलायची असते. तुंबली तर पोट दुखतं, पाठीत कळ जाते, खाल्लेलं नकोसं होतं. तेवढ्यासाठीच ती वही आहे. आकडा चढायला लागला की आपल्याला कळतं. त्यामुळे तू फक्त वहीकडे बघ, बाकी सगळ्याकडे बघून स्वतःला दमवू नकोस.

तुला आमची खोली कधी नीट दाखवता आली नाही. बाहेर बाकावर बसून तुला वाटत असेल, आत काय प्रलय चाललाय. तसं काही नसतं. अंधारलेली खोली, एक्स-रेचं टेबल, आम्ही सगळे गुडघ्यापर्यंत शिशाचे एप्रन घालून. तू शिवलेला कुठलाही कोट इतका जड नसेल. मोठे डॉक्टर दुर्बीण धरतात, मी शेजारी उभी राहून तार पुढे सरकवते. केसाहून थोडी जाड तार, ती स्वादुपिंडाच्या नळीच्या तोंडात शिरली की खोलीतले सगळे एकदम श्वास सोडतात. मोठ्या माणसांची कामं आमच्याकडे रोज होतात. लहान मुलांची महिन्यातून एकदाच, दुसऱ्या गुरुवारी, कारण मुलांना भूल देणारे डॉक्टर त्याच दिवशी येतात. त्या यादीसाठी आईबाप महिना महिना थांबतात. भिंगरीचं नाव ९ एप्रिलच्या यादीत मी स्वतः लिहिलंय.

आणि दोनच्या आकड्यांनी मला किती बरं वाटलं म्हणून सांगू! आठवतं ना, नळी घातली त्या दिवशी संध्याकाळी तिचा आठ होता. दुर्बिणीनंतर स्वादुपिंड कधी कधी चिडतं, तसं झालं होतं. दुसऱ्या दिवशीही आठच. मी तिच्या कानात सांगितलं, "हे बघ भिंगरी, दोन आला की घरी." तिसऱ्या दिवशी सकाळी राउंडला डॉक्टर आले, तर बाईसाहेब आपणहून म्हणाल्या, "दोन." सगळा वॉर्ड हसला. असली धिटाई आपल्या घराण्यात कुठून आली कोण जाणे, तू तर इंजेक्शन बघून पलंगाखाली लपायचीस.

जेवणाआधीची कॅप्सूल चुकवू नकोस. तेल-तूप बेतानेच.

तुझी
ताई

१ मार्च

ताई,

पलंगाखाली मी एकदाच लपले होते आणि मला ओढून काढणारी तू होतीस. त्यावरून तू नर्स होणार हे तेव्हाच ठरलं असावं.

सोबत दोन पानं. पुन्हा सगळे दोन. बघितल्यावर मलाच माझं कौतुक वाटलं, इतकी नीट वही दुकानातली सुद्धा नाही. तू म्हणालीस तसं मी आता फक्त वहीकडे बघते.

बाकी बारीकसारीक कुरबुरी आहेत, त्या वयाच्या आहेत. दोरीवरच्या उड्या सोडल्या. विचारलं तर म्हणते, "ते लहान मुलींचं असतं." संध्याकाळी जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर गुडघे पोटाशी घेऊन बसते, तिथेच वाचते, तिथेच गृहपाठ करते. घरात मुद्दाम टेबल करून घेतलंय यांनी, त्यावर आता माझे कपडे साठतात. आणि चिडते फार. परवा मी केस विंचरत होते, पाठीला हात लागला तर फिस्कन अंगावर आली.

स्कर्ट सैल झाला म्हणून आत घेतला, दीड इंच. या वर्षीचं कापडच तसलं आहे, दोन धुण्यांत ताण सोडतं. दुकानदाराला मी सांगितलं होतं.

९ एप्रिल कधी येते असं झालंय. आणि येऊच नये असंही वाटतं. पुन्हा ते भूल देऊन पोरीला आत नेणं, पुन्हा तो बाक. तिचा आठ होता त्या दोन दिवसांत मी काय काय बोलले देवाला, ते तुला सांगणार नाही. सगळं इतकं ठीक आहे तर ती नळी अजून थोडे दिवस राहिली तर चालणार नाही का गं?

तुझी
धाकटी

११ मार्च

धाकटे,

तुझ्या तोंडात साखर. तू विचारलंस आणि तसंच झालं.

मी काल तिन्ही पानं मोठ्या डॉक्टरांसमोर ठेवली. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, पानं उलटसुलट केली आणि म्हणाले, "सिस्टर, अशी मुलं सगळ्यांना मिळोत." मग मीच विषय काढला. एप्रिलच्या यादीत पाच नावं आहेत आणि एक दोन वर्षांची बाळी दारात उभी आहे, पित्ताची नळी अडलेली, डोळे हळदीसारखे पिवळे. मी म्हटलं, भिंगरी स्थिर आहे, तिला पुढच्या महिन्यात घेऊ आणि ही जागा बाळीला देऊ. त्यांनी विचारलं, "नक्की?" मी वहीकडे बोट दाखवलं. तर आता भिंगरीची तारीख १४ मे.

रागावणार नाहीस, माहीत आहे. उलट उड्या मारशील. पण मला का कोण जाणे, कालपासून चुकल्याचुकल्यासारखं होतंय. घरी येऊन दोनदा कुलूप बघून आले. हल्ली कामच फार झालंय.

जिन्यात बसते तर बसू दे. आपण दोघी गच्चीच्या कठड्यापाशी बसायचो, आई हाका मारून दमायची. मुलींना एक आपला कोपरा लागतो. चिडण्याचं म्हणशील तर सुरुवात झाली समज, अजून पाच-सात वर्षं काढायची आहेत.

तुझी
ताई

२८ मार्च

ताई,

तुझी लाडकी भाची आता माझ्या हाताबाहेर चालली आहे. आज सकाळी दप्तर उलटं केलं तर आत प्लॅस्टिकच्या पिशव्यांमध्ये बांधलेला भात, बटाट्याचे तुकडे, अर्धं उकडलेलं गाजर. तीन दिवसांचा डबा! कॅप्सूल घ्यायची, मला रिकामा डबा दाखवायचा आणि जेवण पिशवीत. मी पहाटे उठून बिनतेलाचं रांधते आणि ही ते दप्तरात कुजवते. माझा हात उठला. आजवर कधी उठला नव्हता. ती रडली नाही, नुसती उभी राहिली, त्याने मला जास्त लागलं.

मग मीच रडत बसले आणि ती मला पाणी घेऊन आली.

मी विचारलं, "दुखतंय का तुला?" तर वही घेऊन आली आणि माझ्यासमोर दोन लिहून दाखवला. म्हणजे नाटकंच ना? वर्गातल्या मुली बारीक आहेत म्हणून हिला बारीक व्हायचंय, दुसरं काय! स्कर्ट पुन्हा आत घ्यावा लागला, या खेपेला कापडाला दोष देता येईना.

तू समजाव तिला. माझं ऐकत नाही, तुझं ऐकेल. मी तिला सांगितलंय की मावशीला माफीचं पत्र लिही. तिने लिहिलं, पण मला वाचू दिलं नाही, पाकीट स्वतः चिकटवलं. ते या पाकिटात घातलंय. सोबत एक पान वहीचं.

तुझी
धाकटी

२८ मार्च

प्रिय मावशी,

आई म्हणाली माफी माग म्हणून मागते. जेवण टाकलं ते चुकलं. जेवल्यावर मला जिन्यात गुडघे पोटाशी घेऊन बसावं लागतं आणि शाळेतला जिना मोठ्या वर्गाच्या मुली अडवतात, म्हणून मी शाळेत जेवत नाही.

मला एक विचारायचं होतं. तू सांगितलं होतंस की दोन म्हटलं की घरी. मी तेव्हा दोन म्हटलं आणि आपण घरी आलो. पण आता मी घरीच आहे. तर आता काय म्हणायचं? दोन अजून किती दिवस चालतं?

एकदा मी तीन लिहिला होता पण मग भीती वाटली म्हणून खोडला. तिनाला पण बोलावतात का? पट्टीवर सातचा चेहरा आहे ना, तोंड वाकडं केलेला, त्याला काय होतं? हे आईला सांगू नकोस. आई माझ्या शाळेच्या फाटकावर येते तेव्हा तिचा चेहरा नऊचा असतो.

तुझी
भिंगरी

१४ एप्रिल

धाकटे,

तुम्ही इथे होतात ते नऊ दिवस आपण दोघी एका बाकावर बसलो, एका डब्यात जेवलो, आणि मी तुला जे सांगायला हवं होतं ते सांगितलं नाही. रोज ठरवायची आणि रोज तू भिंगरीची वेणी घालत असायचीस. आता तुम्ही घरी पोचलात, आता लिहिते. लिहिताना तरी तुझा चेहरा दिसणार नाही.

तुला वाटतंय की मी वहीवरून ओळखलं आणि फोन केला. तू बाकावर चार लोकांना तसं सांगितलंस सुद्धा, "माझ्या बहिणीची नजर बघा." मी तुला तसं सांगू दिलं. धाकटे, मी काही ओळखलं नव्हतं. भिंगरीने मला पत्रात विचारलं होतं. तिचं पत्र सोबत पाठवतेय. तिने आईला सांगू नकोस म्हटलं होतं. मी तिला इथे विचारून घेतलंय, ती म्हणाली, "आता चालेल."

वाचलंस? मग आता पुढचं वाच.

ते पत्र हातात घेऊन मी दवाखान्यात धावले. फाइल काढली, तिची चार पानं टेबलावर मांडली आणि शेजारी दुसऱ्या एका मुलीची. त्या मुलीचे आकडे चार, एक, सहा, शून्य, तीन. खरं दुखणं तसंच असतं, वर जातं, खाली येतं, एखाद्या दिवशी विसरतं. वीस वर्षं मी मुलांची दुखणी लिहून घेतेय. एकशेबारा दोन ओळीने आलेले मी कुठल्याही दुसऱ्या पोरीच्या फाइलीत बघितले असते, तर त्याच दिवशी तिच्या आईला बोलावून घेतलं असतं. इथे मला ते गोड वाटले, कारण पोर आपली होती आणि मला तिच्या धिटाईचा अभिमान होता. खोडलेला तीन एक्स-रेच्या दिव्यावर धरला तर अजून दिसतो.

आणि तिला दोन शिकवला मी. आठवर विव्हळणाऱ्या पोरीच्या कानात मी किंमत सांगून ठेवली. तो तिसऱ्या दिवसाचा दोन तरी खरा होता की नाही, देव जाणे. त्या खोट्या आकड्यांवर मीच तिची तारीख पुढे ढकलली. डॉक्टरांनी "नक्की?" विचारलं तेव्हा मी बोट दाखवलं. डॉक्टरांना मी हे सगळं सांगितलं. त्यांनी लगेच रक्ततपासणीचा कागद लिहून पुढे केला. तुम्ही आल्यावर रक्त घेतलं, त्यात स्वादुपिंडाचा आकडा नेहमीच्या पाचपट होता. भूलवाल्या डॉक्टरांना त्यांनी स्वतः फोन करून यादी नसलेल्या दिवशी बोलावलं.

त्या दिवशी तार मी धरली नाही. मोठ्या डॉक्टरांना म्हटलं, आज दुसरी सिस्टर घ्या. मी भिंगरीच्या उशाशी उभी राहिले. मास्क लावायच्या आधी तिने माझी बाही ओढली आणि म्हणाली, "मावशी, आता आठ आहे. खरं आठ." मी तिला म्हटलं, "शाब्बास."

जुनी नळी पूर्ण तुंबली होती, तोंडाशी पांढरा चुरा आणि मागे एक खडा, तांदळाच्या कणीएवढा. आता थोडी जाड नळी घातली आहे. डॉक्टर म्हणाले, अजून दोन आठवडे गेले असते तर आत पाणी साठून पू झाला असता आणि मग दुर्बिणीवर भागलं नसतं.

तिला मी नवा शब्द दिलाय, खोटा वाटू नये म्हणून मोजून दिलाय. म्हटलं, आकडा मोठा आला तर कधी कधी इथे यावं लागेल, तसं होणार नाही असं मी म्हणणार नाही. पण आकडा लहान सांगून घर मिळत नाही. तिने विचार केला आणि विचारलं, "मग आकडा कशाला?" मी म्हटलं, "आम्हाला दिसत नाही म्हणून."

तू काय लिहायचं ते लिही. नाही लिहिलंस तरी समजेन.

ताई

२९ एप्रिल

ताई,

दहा दिवस तुझं पत्र शिवणाच्या खणात ठेवलं होतं. तीनदा उत्तर लिहिलं आणि फाडलं. पहिल्यात तुला इतकं बोलले की तो कागद ठेवला असता तर आपलं नातं उरलं नसतं. राग आला. अजून आहे. "तू फक्त वहीकडे बघ" असं मला कुणी सांगितलं होतं?

पण चौथ्यांदा लिहायला बसले तर समोर तिचा स्कर्ट होता. इस्त्री करायचा होता. उलटा केला तर आत दोन्ही बाजूंना शिवणीच्या दोन दोन ओळी. एक फेब्रुवारीतली, एक मार्चमधली. माझ्याच हातच्या, सरळ, एक टाका इकडचा तिकडे नाही. मिळून तीन इंच. ताई, नऊ वर्षांच्या वाढत्या पोरीची कंबर दोन महिन्यांत तीन इंच कमी झाली आणि मी ती नीटनेटकी आत घेतली. माप कमी झालं की कापड आत घ्यायचं, वीस वर्षं हेच केलं. कापडाला दोष दिला, दुकानदाराला दिला, मग पोरीला दिला. आणि तिच्या गालावर हात उचलला. तू कागदावर विश्वास ठेवलास, माझ्या हातात तर पोर होती.

मी तिला सगळं सांगितलं. म्हटलं, आईचं चुकलं. ती म्हणाली, "तुझं माप बरोबर होतं." एवढं बोलून जिन्यात गेली. मी मागोमाग गेले, तिच्या पायरीवर बसले. तिथे ऊन येतं, बसायला बरं आहे.

काल संध्याकाळी तिने पाच लिहिला. पळत जाऊन फोन उचलावा असं झालं, पण आधी तिच्याजवळ बसले आणि विचारलं, "कसा पाच?" तिने हात पाठीवर नेऊन दाखवलं. मग तुला फोन केला, तू औषध सांगितलंस, आज सकाळी तीन. पूर्वी मला सलग दोन बघून झोप लागायची, आता पाचचा तीन झाला तर हायसं वाटतं. अजब आहे सगळं.

तुला माफ वगैरे केलेलं नाही. मला स्वतःलाही नाही. दोघींचं एकदमच बघू.

१९ जूनला सुट्टी घे आणि इकडे ये. तिचा वाढदिवस आहे.

धाकटी

१० जून

प्रिय मावशी,

आईने सांगितलं की या वेळी पत्र मीच लिहायचं आणि ती वाचणार नाही. ती आत मशीनवर बसली आहे पण मशीन चालवत नाहीये, म्हणजे कान इकडेच आहेत.

सोबत दोन पानं. यात सहा पण आहे. सहाच्या दिवशी मी दुपारी मैत्रिणीकडे चॉकलेटचा केक खाल्ला होता, तो चिकट कागद सुद्धा चाटला. हे फक्त तुला सांगतेय, पण डॉक्टरांना सांगितलंस तरी चालेल. सहाच्या दिवशी आम्ही रक्त द्यायला गेलो. सुई टोचली तो चार, पण तो वहीत लिहायचा नसतो ना? रक्त चांगलं आलं आणि मला दवाखान्यात राहावं लागलं नाही. मग मला कळलं की सहाला नेहमीच बोलावत नाहीत.

शाळेत मोठ्या वर्गाच्या मुलींना मी सांगितलं की मला जिना लागतो. त्यांनी एक पायरी दिली. आता तिथे मी नुसती बसते, म्हणजे दुखत नसलं तरी.

नळी काढायला जुलैत येते. तार तूच धर. दुसरी सिस्टर चांगली आहे पण तिचे हात थंड असतात.

काल दिवसभर शून्य होता. मी आयुष्यात पहिल्यांदा शून्य लिहिला. आईने वही बघितली आणि विचारलं, "नक्की?" मी म्हटलं, नक्की. तिने पट्टीवरचा हसरा चेहरा दाखवला आणि पुन्हा विचारलं. मग तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा मी जरा चिडले. मी म्हटलं, शून्य आहे पण स्कर्ट पोटाला आवळतो, दुपारपासून आवळतोय.

मग तिने वही मिटली. मला स्कर्ट काढायला लावला, उलटा करून मांडीवर घेतला आणि आतली शिवण उसवायला बसली.

तुझी
भिंगरी